शेवटची पंगत

नोव्हेंबरातला शनिवार. सकाळचे आठ वाजलेले असतात, गवतावरचे दव गोठलेले असते, आणि विद्यापीठाच्या स्टेडियमबाहेरच्या वाहनतळावरून धूर निघू लागलेला असतो. मोटारींच्या मागच्या फळ्या खाली पाडून त्यांवर पदार्थ मांडले जातात. विस्कॉन्सिनात ब्राटवुर्स्ट बिअरमध्ये उकळून निखाऱ्यावर धरतात; लुइझियानात मोठ्या हंड्यात गम्बो ढवळतात; टेक्ससात रात्रभर धुरावर ठेवलेले ब्रिस्केट सकाळी कापायला घेतात. या प्रकाराला टेलगेटिंग म्हणतात. सामना दुपारी असतो, काहींजवळ तर त्याचे तिकीटही नसते, तरी माणसे पहाटेपासून येऊन चुली पेटवतात. अनोळखी मनुष्य जवळून गेला तर त्याच्या हातात बशी दिली जाते आणि ‘नको’ म्हटले तर ऐकून घेतले जात नाही. आग्रह करून वाढणारी माणसे महाराष्ट्राबाहेरही आहेत, हे आम्हाला प्रथम अमेरिकेतल्या अशा एका वाहनतळावर कळले.

आम्ही या पंगतीचे जुने जेवणारे आहोत, हे आधीच सांगून टाकलेले बरे. पुढे लिहिणार आहोत ते नाक मुरडणाऱ्या तिऱ्हाइताचे लिखाण नव्हे. आम्हीही विद्यापीठाच्या रंगाचे सदरे घातले आहेत, घसा बसेपर्यंत ओरडलो आहोत, आणि वीस वर्षांच्या एका पोराच्या हातून चेंडू सुटला म्हणून रविवारचे जेवण टाकले आहे. पण गेल्या काही हंगामांत या पंगतीत एक नवे गाऱ्हाणे ऐकू येते, आणि ते आता मिठासारखे प्रत्येक ताटात वाढले जाते. गाऱ्हाणे असे : खेळाडूंना पैसे मिळू लागले आणि महाविद्यालयीन फुटबॉल नासला. निष्ठा संपली, परंपरा संपली, मुले बाजारात उभी राहिली. हे गाऱ्हाणे खोटे आहे, असे आमचे म्हणणे आहे. आणि ते नुसते खोटे नाही, कृतघ्नही आहे. ज्या सणाचे नावच आभार मानण्यावरून पडले आहे, त्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणावर बसून ते केले जाते, म्हणून तर अधिकच.

ज्या वाचकांचा या खेळाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे विषयांतर आवश्यक आहे. अमेरिकन फुटबॉल पायाने फारसा खेळला जात नाही. तो अंगाने खेळला जातो. लंबगोल चेंडू हातात घेऊन एका संघाने पुढे घुसायचे आणि दुसऱ्याने आडवे पडून त्याला अडवायचे, हे त्याचे सार. विद्यापीठांमधला पहिला सामना रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात ६ नोव्हेंबर १८६९ रोजी झाला, तेव्हा व्यावसायिक संघ अस्तित्वातच नव्हते. त्यामुळे हा खेळ अमेरिकेत महाविद्यालयातून बाजारात गेला, बाजारातून महाविद्यालयात आला नाही. आजही एक लाखाहून अधिक माणसे बसतील अशी स्टेडियमे त्या देशात आहेत ती विद्यापीठांची. व्यावसायिक संघांची त्याहून लहान असतात. अ‍ॅन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठाच्या, १९२७ साली उघडलेल्या स्टेडियमची आसनसंख्या १,०७,६०१ आहे. आपले वानखेडे त्यात तीन वेळा ओतता येईल.

सणाशी या खेळाचे नातेही तितकेच जुने आहे. लिंकनने १८६३ साली, ऐन यादवी युद्धात, थँक्सगिव्हिंगला राष्ट्रीय सणाचे रूप दिले. १८७६ साली पूर्वेकडील महाविद्यालयांनी आपली संघटना स्थापली आणि अजिंक्यपदाचा सामना याच दिवशी ठेवला. पुढच्या दोन दशकांत येल आणि प्रिन्स्टन यांचा न्यूयॉर्कमधला सामना हा त्या शहराच्या सामाजिक हंगामाचा मानबिंदू झाला. टर्की, क्रॅनबेरी, पम्पकिन पाय आणि फुटबॉल हे चार पदार्थ तेव्हापासून एकत्र वाढले जात आहेत. मिसिसिपीतली दोन विद्यापीठे १९२७ पासून ज्या करंडकासाठी भांडतात त्याचे नावच ‘सोनेरी अंडे’ आहे, आणि तो सामना बहुधा याच आठवड्यात येतो. दक्षिणेतल्या कित्येक कुटुंबांत सून कोणत्या धर्मपंथाची आहे यापेक्षा ती कोणत्या विद्यापीठाची आहे, हा प्रश्न या टेबलाभोवती अधिक नाजूक असतो.

इथे एक गोष्ट आम्हा मराठी माणसांच्या चटकन लक्षात यावी. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी पुरुष दूरचित्रवाणीसमोर असतात आणि बायका स्वयंपाकघरात. आपल्याकडे पुरुषांची पंगत आधी बसे, मग मुलांची, आणि रांधणाऱ्या बायका सर्वांत शेवटी, उरलेसुरले घेऊन. शेवटची पंगत हा शब्द ज्यांनी आपल्या आजीला तीन वाजता गार आमटी वाढून घेताना पाहिले आहे त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. रांधणाऱ्याने शेवटी जेवायचे, हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता. तिची ती हौसच आहे, असे म्हटले म्हणजे भागत असे.

हौस हाच आमच्या विषयाचा कळीचा शब्द आहे. ‘अ‍ॅमॅच्युअर’ला मराठीत आपण ‘हौशी’ म्हणतो, आणि हौसेला मोल नाही, असेही म्हणतो. या म्हणीचे दोन अर्थ होतात. स्वतःच्या हौसेसाठी माणूस कितीही खर्च करील, हा एक. दुसऱ्याच्या श्रमाला हौस म्हटले की त्याचे मोल द्यावे लागत नाही, हा दुसरा. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी शंभर वर्षे या दुसऱ्या अर्थावर कारभार चालवला.

१९०५ च्या हंगामात हा खेळ खेळताना इतकी मुले मेली, की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घ्यावे लागले. त्या गदारोळातून १९०६ साली जी संघटना जन्मली तिलाच १९१० पासून एनसीएए म्हणतात. तिचा जन्म खेळाडूंच्या जिवाच्या काळजीतून झाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण पुढे तिची काळजी निराळ्या दिशेने वळली. १९५५ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस महाविद्यालयाचा रे डेनिसन हा खेळाडू मैदानावर डोक्याला झालेल्या इजेने मरण पावला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. १९५७ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली : महाविद्यालय फुटबॉलच्या धंद्यात नाही, सबब तो कामगार नव्हे. याच सुमारास एनसीएएने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द रूढ केला आणि सर्वत्र तोच वापरला जाईल अशी व्यवस्था केली. हा शब्द अशा दाव्यांच्या भीतीपोटी घडवला गेला, असे सांगणारा मनुष्य कोणी विरोधक नव्हता. संघटनेचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनीच १९९५ च्या आपल्या पुस्तकात ते सांगितले. शब्दाने कायदा बदलता येतो, हे आपल्या समाजाला ठाऊक आहे. आपणही झाडणाऱ्यांच्या आणि वाहणाऱ्यांच्या श्रमांना अनेकदा सेवा म्हटले आहे, आणि मग मजुरीचा प्रश्न आपोआप मिटला आहे.

आता ताटाकडे वळू, कारण या व्यवस्थेचा खरा चेहरा अन्नाच्या नियमांत दिसतो. एनसीएएच्या नियमावलीत खेळाडूला विद्यापीठाने काय खायला द्यावे आणि काय देऊ नये याची कलमे होती. एके काळी फळे, सुकामेवा आणि बेगल केव्हाही देण्याची मुभा होती. पण त्या बेगलला चीज किंवा अन्य काही लावले की तो अल्पोपाहार न राहता जेवण ठरे आणि नियमभंग होई. बाहेर वाहनतळावर दहा हजार चुली पेटलेल्या आहेत, सबंध डुकरे भाजली जात आहेत, आणि आत, ज्याच्यासाठी हे सारे, त्याच्या पावाला लोणी लावले की काय याची तपासणी चालू आहे! अतिशयोक्त विनोदालाही इतके सुचले नसते. एप्रिल २०१४ मध्ये कनेटिकट विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. त्याच सुमारास त्यांचा प्रमुख खेळाडू शबाझ नेपियर याने, काही रात्री आपण उपाशीपोटी झोपतो, असे पत्रकारांना सांगितले. काही दिवसांतच खेळाडूंना हवे तेवढे जेवण देण्याची परवानगी मंजूर झाली. तोवर शिष्यवृत्ती नसलेल्या खेळाडूला संघाच्या जेवणावर असा हक्क नव्हता. म्हणजे खेळ सुरू झाल्यापासून पोटभर जेवायच्या परवानगीपर्यंत १४५ वर्षे लागली.

२१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य मतांनी एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. तो निकाल मर्यादित होता. शिक्षणाशी निगडित लाभांपुरताच. परंतु न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र मत लिहिले आणि त्यात नेमका स्वयंपाकघराचा दृष्टान्त दिला. एखाद्या भागातल्या सगळ्या खानावळी एकत्र येऊन, ‘गिऱ्हाइकांना कमी पगारी आचाऱ्यांच्याच हातचे जेवण आवडते’ या सबबीखाली आचाऱ्यांचे पगार कापू शकत नाहीत, असा त्यांचा आशय होता. कॅव्हनॉ हे काही डाव्या विचारांचे न्यायाधीश नव्हेत. तरी टेलगेटिंगच्या टेबलावर जे गाऱ्हाणे आम्ही ऐकतो त्याचे याहून अचूक वर्णन आम्हाला सापडलेले नाही. आम्हाला आचाऱ्याचा उपास आवडत होता. त्याने अन्नाला एक पावित्र्य येत होते.

पैशाने खेळ नासला, असे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारू इच्छितो : कोणाच्या पैशाने? १९८४ साली ओक्लाहोमा विद्यापीठाच्या मंडळाने एनसीएएवरच खटला भरून प्रक्षेपणाचे हक्क मोकळे करून घेतले, तेव्हापासून दूरचित्रवाणीचा पैसा विद्यापीठांकडे वाहू लागला. २०२२ साली बिग टेन या विद्यापीठगटाने सात वर्षांसाठी जो प्रक्षेपण करार केला त्याची किंमत ७०० कोटी डॉलरांहून अधिक सांगितली गेली. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सर्वाधिक पगाराचा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, वैद्यकीय महाविद्यालयाचा अधिष्ठाता नसतो. तो फुटबॉलचा, नाहीतर बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने आपले प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढून टाकले, तेव्हा करारानुसार त्यांना साडेसात कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देणे लागले. ती काम करण्याबद्दल नव्हती; काम न करण्याबद्दल होती. त्या आठवड्यात खेळाचे पावित्र्य भंगल्याचा विलाप आमच्या कानी आला नाही. तोच विलाप अठरा वर्षांच्या मुलाने स्थानिक मोटारविक्रेत्याच्या जाहिरातीत उभे राहून काही हजार डॉलर घेतले की लगेच सुरू होतो. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचा आणि चेहऱ्याचा मोबदला घेता येऊ लागला. आपलेच नाव, आपलाच चेहरा! तोवर तेही त्यांचे नव्हते.

परंपरेच्या मृत्यूचा आरोपही असाच तपासून पाहावा. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम यांचा थँक्सगिव्हिंगचा सामना ही त्या राज्यातली शतकाहून जुनी गोष्ट होती. तो २०११ नंतर बंद पडला. खेळाडूंच्या लोभाने तो बंद पडला नाही. विद्यापीठाने अधिक उत्पन्नाच्या गटात उडी मारली म्हणून पडला. २०२४ साली सामना पुन्हा सुरू झाला, पण सणाच्या गुरुवारी नव्हे, शनिवारी. त्याच वर्षी प्रशांत महासागराच्या काठच्या स्टॅनफर्ड आणि बर्कली या विद्यापीठांनी अटलांटिक किनाऱ्याच्या नावाच्या गटात प्रवेश केला, आणि लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठे मध्यपश्चिमेच्या बिग टेनमध्ये गेली. भूगोल ज्यांनी विकला त्यांना दूरदर्शी प्रशासक म्हणतात. एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या मुलाला मात्र भाडोत्री म्हणतात.

या दोन शब्दांतला फरक केवळ वयाचा आणि पदाचा आहे काय? आमच्या मते नाही. या सर्वोच्च स्तरावर खेळणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. प्रेक्षागारात आणि प्रशासनात ते प्रमाण दिसत नाही. मिसिसिपी विद्यापीठाला सारे जण प्रेमाने ‘ओल मिस’ म्हणतात. हा मूळचा गुलामांनी मालकिणीला हाक मारण्याचा शब्द. तेथील ‘द ग्रोव्ह’ नावाच्या राईतले टेलगेटिंग देशात सर्वांत देखणे मानले जाते : तंबूंत झुंबरे टांगलेली असतात, चिनी मातीच्या बश्या आणि चांदीचे चमचे मांडलेले असतात. २९ सप्टेंबर १९६२ रोजी जॅक्सन शहरात या संघाच्या सामन्याच्या मध्यंतरात राज्यपाल रॉस बार्नेट यांनी मैदानावर उभे राहून मिसिसिपीच्या चालीरीतींवरील आपल्या प्रेमाची द्वाही फिरवली, आणि प्रेक्षकांनी गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचे झेंडे फडकवले. चालीरीती म्हणजे काय, ते दुसऱ्या रात्री समजले. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळू नये म्हणून विद्यापीठाच्या आवारात, त्या राईला लागूनच, दंगल झाली आणि दोन माणसे मेली. त्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघातून कृष्णवर्णीय खेळाडू प्रथम उतरले ते १९७२ साली. आज त्याच राईतून संघ चालत मैदानाकडे जातो तेव्हा दुतर्फा उभे राहून टाळ्या वाजवणारी माणसे त्याला आपले कुटुंब म्हणतात. टाळ्या खऱ्या असतात, याविषयी आम्हाला शंका नाही. पण कुटुंबात कोणी आधी जेवायचे आणि कोणी मागाहून, हे ठरलेले असते, हेही खरे. नववर्षाच्या सुट्टीत जे मानाचे सामने होतात त्यांपैकी दोहोंची नावे १९३० च्या दशकापासून ‘शुगर’ आणि ‘कॉटन’ अशी आहेत. ऊस आणि कापूस या पिकांचा दक्षिणेतला इतिहास कोणाच्या पाठीवर लिहिला गेला, ते सांगायला नको.

ही केवळ त्यांची गोष्ट आहे, असे समजून कोणी सुखावणार असेल तर पुण्याकडे पाहावे. पळवणकर बाळू चर्मकार समाजात जन्मले; इंग्रजांच्या क्लबात मैदानावर राबता राबता ते अव्वल दर्जाचे फिरकी गोलंदाज झाले. इंग्रजांना हरवायचे तर बाळू हवा, म्हणून पुण्याच्या सवर्ण हिंदूंनी त्यांना आपल्या संघात घेतले. मैदानावर त्यांच्या बोटांतून सुटलेला चेंडू सर्वांना चाले. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हिलियनच्या बाहेर, टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे, आणि जेवणाचे ताट वेगळे असे. १९०६ साली मुंबईत हिंदूंच्या संघाने युरोपियनांना हरवले त्या विजयात बाळूंचा मोठा वाटा होता. खेळाडूचा हात हवा आणि पंगतीत तो नको, ही वृत्ती कोणत्याही एका देशाची मक्तेदारी नव्हे.

आता आमच्याच मंडळींविषयी. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या गावांत मराठी माणूस आता नवा नाही. गणपतीची स्थापना आणि घरचा सामना एकाच शनिवारी आला तर आरतीची वेळ बदलणारी मंडळे आहेत. टेलगेटिंगला बटाटेवडे नेणारे आणि ते दहा मिनिटांत संपल्याचे अभिमानाने सांगणारे आमच्यातलेच आहेत. आणि ‘ही मुले शिकायला आली आहेत की पैसे मिळवायला?’ हा प्रश्न सर्वांत तावातावाने विचारणारेही आमच्यातलेच आहेत. त्यांना आम्ही त्यांच्या स्वतःच्या पहिल्या वर्षाची आठवण करून देतो. तुम्ही आलात तेव्हा तुमची फी कशी भरली गेली? विद्यापीठाने माफ केली. शिवाय दर महिन्याला हातात काय पडे? विद्यावेतन. कशाबद्दल? पदवीच्या मुलांच्या उत्तरपत्रिका तपासण्याबद्दल, प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत राबण्याबद्दल. फी माफ झाली आहे, आता वर पैसे कशाला, असे तुम्हाला कोणी म्हटले काय? विद्यावेतनाने ज्ञानाचे पावित्र्य भंगले काय? विद्यार्थी म्हणून तुम्हाला आठवड्याला वीस तासांहून अधिक काम करण्याची परवानगी नव्हती. गंमत अशी की हंगामात खेळाडूच्या सरावालाही कागदावर वीस तासांचीच मर्यादा आहे. संघटनेच्याच सर्वेक्षणांत मात्र फुटबॉलचे खेळाडू आपल्या खेळावर आठवड्याला चाळीस तासांहून अधिक वेळ जातो असे सांगत आले आहेत. तुमचे वीस तास वीसच राहतील यासाठी सरकारचा धाक होता. त्यांच्या चाळिसांचे वीस करण्याचे काम हिशेबनिसाने केले.

येथे तीन आक्षेप संभवतात. पहिला, शिक्षण फुकट मिळतेच. मिळते, आणि त्याची किंमत आम्ही कमी लेखत नाही. पण सराव आणि प्रवासाच्या वेळा सांभाळून जो विषय बसेल तोच घ्यावा लागतो, हवा तो नव्हे. आणि जी गोष्ट देणाऱ्याने एकट्याने ठरवली, घेणाऱ्याला जिची घासाघीस करण्याचीही मुभा नव्हती, तिला वेतन म्हणत नाहीत, दक्षिणा म्हणतात. दुसरा आक्षेप असा, की फुटबॉलच्या पैशावर जलतरण, कुस्ती आणि मुलींचे अनेक खेळ चालतात, त्यांचे काय? हा आक्षेप गंभीर आहे. पण त्याचे ओझे प्रशिक्षकांच्या करारांवर, संगमरवरी सराव-इमारतींवर न टाकता थेट खेळाडूच्याच खिशावर का टाकायचे, हे कोणी सांगत नाही. तिसरा आक्षेप, नवी व्यवस्थाही न्याय्य नाही. हे मात्र आम्हाला मान्य आहे. ६ जून २०२५ रोजी हाउस खटल्यातील तडजोडीला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मान्यता दिली. तिच्यात माजी खेळाडूंसाठी सुमारे २८० कोटी डॉलर ठरले, आणि विद्यापीठांना २०२५-२६ या वर्षात प्रत्येकी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंत वाटण्याची मुभा मिळाली. ही मर्यादा खेळाडूंच्या एखाद्या संघटनेशी वाटाघाटी करून आली नाही, कारण अशी मान्यताप्राप्त संघटना नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी २०१४ साली ती स्थापण्याचा प्रयत्न केला. कामगार मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याने त्यांना कामगार ठरवलेही. पण २०१५ साली मुख्य मंडळाने हे प्रकरण आपल्या अधिकारात घेण्याचेच नाकारले. तेव्हा व्यवस्थेत गोंधळ आहे, दलाल आहेत, अन्यायही आहेत. परंतु हे दोष हक्क अर्धवट दिल्याचे आहेत. ते दाखवून जुनी उपासमार परत मागणे म्हणजे वाढप्यांनी गोंधळ घातला म्हणून आचाऱ्याला पुन्हा उपाशी बसवणे होय.

आणि या साऱ्या हिशेबात एक रकाना असा आहे की जो कोणत्याही तडजोडीत भरून निघत नाही. २०१७ साली बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा खेळ महाविद्यालयापर्यंत जाऊन थांबला अशा ५३ जणांपैकी ४८ जणांच्या मेंदूत, वारंवारच्या आघातांशी जोडला जाणारा सीटीई नावाचा ऱ्हास आढळला. हे मेंदू बहुधा लक्षणे दिसल्यामुळेच दान झाले होते, त्यामुळे हे प्रमाण सर्व खेळाडूंना लावता येणार नाही, हे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. पण हे ४८ जण कधी व्यावसायिक झाले नाहीत, त्यांना कोणी करारपत्र दिले नाही. ते हौशी होते. आमच्या हौसेसाठी त्यांनी जे मोजले ते आम्ही मोजलेले नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये ओरलँडो येथे पॉप-टार्ट्स या मिठाईच्या नावाने एक सामना झाला. खेळ संपल्यावर, मैदानभर नाचलेले त्या मिठाईचे शुभंकर हसतमुखाने एका भल्याथोरल्या टोस्टरमध्ये उतरले, खालून भाजलेली तितकीच मोठी मिठाई बाहेर आली आणि विजयी संघाने ती तोडून खाल्ली. सारा देश हसला, आम्हीही हसलो. नंतर मात्र वाटले, की मैदानावर नाचून, हसत हसत भाजले जाऊन, शेवटी प्रेक्षकांच्या आनंदासाठी ताटात येणे, ही भूमिका या खेळात नवी नाही. फरक इतकाच, की त्या दिवशी प्रथमच खेळाडू खाणाऱ्यांच्या बाजूला होते.

आम्ही हा खेळ सोडा, असे सांगत नाही. आम्ही स्वतःही सोडणार नाही. येत्या थँक्सगिव्हिंगलाही टेबल मांडले जाईल, टर्की कापली जाईल, मंडळी आपापल्या रंगाचे सदरे घालून बसतील. रिवाजाप्रमाणे प्रत्येक जण आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगेल : आरोग्याबद्दल, कुटुंबाबद्दल, अन्नाबद्दल. आणि मग सामना लावला जाईल आणि कोणी तरी म्हणेल, पूर्वीची मजा राहिली नाही, पोरे पैशाच्या मागे लागली. तेव्हा आमची विनंती इतकीच आहे. स्वयंपाकघरात जी उभी आहे तिला आधी बसायला सांगावे. आणि जे म्हणायचे ते, पडद्यावरच्या त्या मुलांपैकी एक जण याच टेबलावर आपल्या शेजारी जेवायला बसला आहे असे समजून म्हणावे. म्हणवले, तर अवश्य म्हणावे. आम्हाला ते म्हणवत नाही. कित्येक वर्षे आम्ही पहिल्या पंगतीत, मागून वाढून घेऊन, पोट भरेपर्यंत जेवलो आहोत. आता शेवटच्या पंगतीला पान मिळाले आहे, तर तिच्या पानात काय वाढले हे डोकावून पाहणे आम्हाला शोभणार नाही.